नो क्लेम बोनस गाडीचा नव्हे, मालकाचा

जुन्या गाडीच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस ५० टक्के’ असे दिसले, की गाडीबरोबर ही सवलतही आपल्याकडे येईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वर्षभर एकही दावा न केलेल्या मालकाला पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट म्हणजे नो क्लेम बोनस. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. ती फक्त ‘ओन डॅमेज’ (आपल्याच गाडीचे नुकसान भरून देणाऱ्या) भागावर मिळते. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या भागाचा) हप्ता कमी होत नाही.

एसटीचा मासिक पास प्रवाशाच्या नावाचा असतो, बसच्या नव्हे, बोनसचेही तसेच. गाडी विकणारा विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत स्वतःच्या दुसऱ्या गाडीसाठी वापरू शकतो.

म्हणून नवी गाडी घ्यावी की जुनी, याचा हिशेब मांडताना विक्रेत्याचा हप्ता धरू नये. त्याला ५,००० रुपये पडणारा ओन डॅमेज हप्ता तुम्हाला १०,००० पडू शकतो. व्यवहारानंतर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करण्यासाठी अर्ज जरूर करावा.