एकाचे दोन दिसू लागले तर

एकाचे दोन दिसू लागले की अनेक जण चष्म्याचा नंबर बदलला असे समजून दुकान गाठतात. समज स्वाभाविक आहे. पण नंबर बदलला की अक्षर पुसट होते. त्याची जोडी सहसा होत नाही.

दुहेरी दिसणे (द्विदृष्टी) म्हणजे बहुतेकदा दोन्ही डोळे एकाच जागी न रोखले जाणे. प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात आणि त्यांचा ताबा मेंदूतून निघणाऱ्या तीन नसांकडे असतो. जोडीतल्या एका बैलाचा कासरा सैल सुटला की गाडी तिरकी जाते, तसेच इथे घडते.

यांतली एक, मेंदूच्या नसांच्या क्रमातली सहावी नस, डोळा बाहेरच्या बाजूला वळवते. कवटीत तिचा मार्ग लांबचा. त्यामुळे मेंदूतली गाठ तिच्यापासून दूर असली, तरी कवटीतला दाब वाढला की ही नस ताणली जाते. मग उजवीकडे पाहताना उजवा डोळा मध्येच अडतो. लहान मुले अशी तक्रार करतीलच असे नाही. ती मान वळवून टीव्ही पाहू लागतात.

प्रत्येक तिरळेपणामागे गाठ असते, असे मात्र मुळीच नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वयस्करांत नसेचा रक्तपुरवठा घटूनही असे होते आणि बहुधा काही महिन्यांत ते बरे होते.

कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे. सोबत सकाळची डोकेदुखी, उलट्या, तोल जाणे किंवा पापणी पडणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.