पाठीत सुई टोचण्याआधीची ती दोन मिनिटं

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं सिझेरियन, हर्नियाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन झालं असेल, तर एक गोष्ट नक्की आठवत असेल. वाकून बसायला सांगतात आणि पाठीवर एकदम गारेगार काहीतरी फिरतं. आपलं सगळं लक्ष येणाऱ्या सुईकडे असतं, त्यामुळे त्या गार बोळ्याचा कुणी फारसा विचार करत नाही. पण त्या बोळ्यात कोणतं औषध असावं यावर भूलतज्ज्ञांमध्ये बरीच वर्षं वाद चालू आहे. आज त्याबद्दल.

आधी सुईचा रस्ता पाहू. स्पायनल भूल देताना सुई कमरेच्या दोन मणक्यांमधून आत जाते. त्वचा, चरबी, अस्थिबंध आणि शेवटी मज्जारज्जूभोवतीचं आवरण ओलांडून ती तिथल्या पाण्यासारख्या द्रवात पोचते. एपिड्युरलमध्ये सुई त्या आवरणाच्या अलीकडेच थांबते आणि तिथे बारीक नळी ठेवली जाते. दोन्ही वेळेला त्वचेवर जे आहे ते सुईबरोबर आत जाऊ शकतं. आणि त्वचेवर दोन गोष्टी असतात : जंतू, आणि जंतू मारायला लावलेलं औषध. जंतू आत गेले तर मेंदूज्वर किंवा मणक्यात पू होण्याची भीती. औषध आत गेलं तर नसांना इजा होण्याची भीती. म्हणजे हे औषध जंतूंसाठी जहाल हवं आणि नसांपर्यंत मात्र अजिबात पोचता कामा नये. सगळा पेच इथे आहे.

उमेदवार मुख्यतः दोन. पहिला पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपलं तपकिरी बीटाडीन. दुसरा क्लोरहेक्सिडीन, तोही अल्कोहोलमध्ये मिसळलेला. क्लोरहेक्सिडीन तुम्हाला अनोळखी नाही. दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या चूळ भरायच्या औषधात ते असतं, सॅव्हलॉनमध्येही असतं. आयोडीनला काम करायला वेळ लागतो आणि रक्त लागलं की त्याचा जोर कमी होतो. अल्कोहोल झटपट मारतं, पण उडून जातं. क्लोरहेक्सिडीन त्वचेला चिकटून राहतं आणि काही तास काम करत राहतं. एपिड्युरलची नळी दिवस-दोन दिवस ठेवायची असेल तर हा गुण महत्त्वाचा.

आता पुरावे. १९९६ साली जपानमध्ये मणक्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. पाठ निर्जंतुक केल्यावर त्वचेचा बारीक तुकडा घेऊन त्यात जिवंत जंतू उरलेत का ते पाहिलं. आयोडीन लावलेल्यांपैकी ३२.४ टक्के नमुन्यांत जंतू वाढले, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन लावलेल्यांत ५.७ टक्के. २०१० साली अमेरिकेत ८४९ रुग्णांवर झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत (ही पाठीतल्या भुलेवर नव्हती, एकूण ऑपरेशनच्या जखमांवर होती) जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण आयोडीन गटात १६.१ टक्के निघालं आणि क्लोरहेक्सिडीन गटात ९.५ टक्के.

झालं तर मग, क्लोरहेक्सिडीन जिंकलं? थोडं थांबा. दोन्ही अभ्यासांत क्लोरहेक्सिडीन अल्कोहोलमध्ये होतं आणि आयोडीन पाण्यात. मग जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल? एका बाजूला दोन खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला एकच, असा हा सामना आहे. अभ्यास वाचताना 'कशाची तुलना कशाशी केली' हे आधी पाहायचं, ते यासाठी.

तुम्ही म्हणाल, मग थेट पाठीतल्या भुलेवरच मोठी चाचणी करा ना. हिशोब करून पाहू. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने एका वर्षातल्या सुमारे ७ लाख ७ हजार स्पायनल-एपिड्युरलचा आढावा घेतला आणि तो २००९ साली प्रसिद्ध केला. सगळी कारणं धरून कायमची इजा झाल्याचं प्रमाण लाखामागे २ ते ४.२ इतकंच निघालं. त्यातही संसर्ग हे एक कारण. आता समजा एका औषधाने लाखात २ जणांना संसर्ग होतो आणि दुसऱ्याने लाखात १ जणाला. हा फरक खात्रीने पकडायचा तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय सूत्रानुसार प्रत्येक गटात साधारण २३ ते २४ लाख रुग्ण लागतील. ब्रिटनमधली अशी प्रत्येक भूल चाचणीत घेतली तरी जवळपास सात वर्षं! अशी चाचणी होणं अवघडच आहे. म्हणून जंतू किती उरले, नसांच्या पेशींवर काय परिणाम होतो, अपघात कसे झाले, अशा तुकड्या-तुकड्यांच्या पुराव्यांवरून निर्णय घ्यावा लागतो.

त्यातला अपघातांचा भाग सर्वात बोलका आहे. २०१० साली सिडनीत बाळंतपणाच्या कळा सुरू असलेल्या एका स्त्रीला एपिड्युरल देताना सलाइनऐवजी क्लोरहेक्सिडीन टोचलं गेलं. दोन्ही द्रव शेजारी-शेजारी उघड्या वाट्यांमध्ये ओतून ठेवले होते. तिच्या नसांभोवतीच्या आवरणाला जबर दाह झाला आणि तिला अपंगत्व आलं.

ही जात जुनी आहे. १९४७ साली इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला एकाच दिवशी स्पायनल भूल दिलेल्या दोन पुरुषांचे पाय कायमचे लुळे पडले. भुलेच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये ठेवल्या होत्या. न दिसणाऱ्या तड्यांमधून फिनॉल आत झिरपलं, असं तेव्हा कोर्टाने मानलं. पुढे काही तज्ज्ञांनी वेगळं मत मांडलं : उपकरणं उकळायच्या भांड्यातलं क्षार काढण्याचं आम्ल सुया-सिरिंजला लागलं असावं. दोन्हींतलं काहीही खरं धरा, स्वच्छतेसाठी आणलेलं रसायनच नसांपर्यंत पोचलं होतं.

पण मग क्लोरहेक्सिडीन नीट लावलं, सुकू दिलं, तरी धोका आहे का? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने क्लोरहेक्सिडीन वापरून दिलेल्या १२,४६५ स्पायनल भुलांच्या नोंदी तपासल्या. भुलेशी संबंध असू शकेल असे नसांचे त्रास फक्त ५ निघाले आणि पाचही ३० दिवसांत पूर्ण बरे झाले. बारा हजारांत न दिसलेली गोष्ट लाखातही दिसणार नाही असं काही नाही, हे खरंच. पण सुकलेल्या त्वचेतून बारीक सुई गेल्याने मोठी इजा वारंवार होत असती, तर ती इथे दिसली असती. शिवाय आयोडीन नसांना निरुपद्रवी आहे असंही नाही. प्रयोगशाळेत तेही पेशी मारतं.

म्हणून चित्र थोडं विचित्र दिसतं. अमेरिकेत क्लोरहेक्सिडीनच्या वेष्टनावरच लिहिलेलं असतं की हे मज्जारज्जूच्या आवरणाशी संपर्क येईल तिथे वापरू नये. आणि तिथल्याच भूलतज्ज्ञांच्या संघटना पाठीतल्या भुलेआधी अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन सुचवतात. ब्रिटन-आयर्लंडच्या संघटनेने २०१४ साली मधला रस्ता काढला. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीनच, पण २ टक्क्यांऐवजी ०.५ टक्के. या कामासाठी २ टक्के जास्त चांगलं आहे असा पुरावा नाही, मग चौपट औषध त्वचेवर कशाला ठेवायचं? बाकीच्या सूचना तर कोणत्याही औषधाला लागू पडतात. पाठ पुसून झाली की ते औषध सुया आणि सिरिंजच्या ट्रेपासून दूर. शिंतोडे उडू द्यायचे नाहीत. हातमोज्यांना औषध लागलं तर मोजे बदलायचे. आणि पाठ पूर्ण सुकेपर्यंत सुई हातात घ्यायची नाही.

माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं सार शेवटच्या ओळीत आहे. 'कोणतं औषध' यापेक्षा 'ते कुठे ठेवलं आणि किती थांबलात' हा प्रश्न मोठा आहे. लहान रुग्णालयात ०.५ टक्क्यांची बाटली मिळत नसेल आणि बीटाडीनच असेल, तरी ताजी बाटली, पुरेसा वेळ आणि तोंडावर मास्क यांनी बरंच साधतं. हो, मास्कसुद्धा! २००८-०९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणात स्पायनल भूल दिलेल्या ५ स्त्रियांना मेंदूज्वर झाला, त्यातली एक दगावली. सापडलेला जंतू त्वचेवरचा नव्हता, माणसाच्या तोंडात राहणारा होता. पाठ कितीही पुसली तरी तो थांबला नसता.

तुमच्या हातात काय आहे? आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी असेल, सॅव्हलॉनने किंवा चूळ भरायच्या औषधाने कधी पुरळ, सूज आली असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि पाठ पुसून झाल्यावर डॉक्टर नुसतेच थांबलेले वाटले, तर 'टोचा एकदाचं' म्हणून घाई करू नका. त्या दोन मिनिटांत तुमची पाठ सुकत असते.