पाळी आणि तातडी

पाचाडहून रायगडाकडे निघालेला प्रवासी हिरकणीवाडीला रज्जुमार्गाच्या रांगेत उभा राहतो. मध्येच घुसणारे महाभाग सोडले, तर ज्याची पाळी त्याने पुढे जावे, हा तेथील न्याय. संगणकातही तो आहे. त्याला 'राउंड रॉबिन' म्हणतात.

एका प्रोसेसरवर अनेक कामे चालवायची, तर प्रत्येकाला ठरावीक कालखंड द्यायचा. तो संपला की काम अपुरे असले तरी रांगेच्या शेवटी जाते. कोणीही कायमचे ताटकळत नाही. परंतु ठरल्या वेळेतच प्रतिसाद देणे बंधनकारक असलेल्या 'रिअल टाइम' प्रणालीत एवढी समता पुरत नाही. समजा, एखाद्या रज्जुमार्गाच्या नियंत्रकात १० कामे आहेत आणि प्रत्येकाला १० मिलिसेकंद मिळतात. ब्रेकचे काम नुकतेच शेवटी गेले असेल, तर पुढच्या पाळीस ९० मिलिसेकंद लागतील. ब्रेक ५० मिलिसेकंदांत लागणे आवश्यक असेल आणि ट्रॉली दरीवर असेल, तर हा न्याय काय कामाचा? कालखंड कमी करावा, तर कामांच्या अदलाबदलीतच प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो.

म्हणून 'व्हीएक्सवर्क्स'सारख्या प्रणालीत तातडीचे काम चालू कामाला बाजूला सारते; पाळी उरते ती समान प्राधान्याच्या कामांपुरती.

प्राधान्यही निर्धोक नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानात हीच प्रणाली होती. कमी प्राधान्याच्या कामाने सामायिक साधन अडविले, मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देईनात आणि अधिक निकडीचे काम खोळंबले. यानाचा संगणक वारंवार बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला. अखेर पृथ्वीवरून दुरुस्ती धाडण्यात आली: साधन अडविणाऱ्या कामाला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य.