अनेक खाती आणि वर्गणीचा जमाखर्च

आइसलँडच्या रेक्याविक शहरातील सीसीपी गेम्स या संस्थेने मे 2003 मध्ये सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा नावापुरता अंतराळयुद्धाचा आणि प्रत्यक्षात व्यापाराचा खेळ दोन दशके ओलांडून गेला, तरी त्यात एकाहून अधिक खाती बाळगणाऱ्यांविषयी प्रचलित असलेल्या समजुती अद्याप कमालीच्या भाबड्या आहेत.

अनेक खाती चालवणे म्हणजे लबाडी, ही त्यातील पहिली. वास्तविक एका खात्याने खनिज काढावे, दुसऱ्याने ते वाहून न्यावे आणि तिसऱ्याने पहारा करावा, याला संस्थेची पूर्ण मुभा आहे. 1 जानेवारी 2015 पासून सक्त मनाई आहे ती एकच कळ दाबून सर्व खात्यांना एकदम हुकूम सोडणाऱ्या साधनांना. मात्र नोव्हेंबर 2016 पासून मिळणारे ‘अल्फा’ दर्जाचे मोफत खाते दुसऱ्या खात्याच्या जोडीने एकाच वेळी चालवता येत नाही. त्यामुळे फौज फुकटात उभी राहील ही आशा व्यर्थ होय.

याच्या उलट, प्रत्येक कामासाठी नवे खाते हवेच असे मानणारेही थोडे नाहीत. एका खात्यात तीन पात्रे राहतात. त्यांपैकी एका वेळी एकच खेळात उतरू शकते, आणि खेळाडू निद्रिस्त असतानाही चालू राहणारे कौशल्यशिक्षण, जादा शुल्क न भरल्यास, एकाच पात्राचे होते, हे खरे. परंतु जिता या प्रमुख बाजारपेठेत बसून केवळ भाव पाहणाऱ्या गुमास्त्यासाठी स्वतंत्र वर्गणी भरणे हा निव्वळ अपव्यय आहे.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र ‘प्लेक्स’चा. 2008 साली आलेली ही हुंडीसारखी वस्तू रोख पैशाने विकत घेता येते, खेळातील ‘इस्क’ या चलनात विकता येते आणि वटवली असता वर्गणीची मुदत वाढवून देते. 2017 पासून 500 प्लेक्सना एक महिन्याचा ‘ओमेगा’, म्हणजे वर्गणीदाराचा, दर्जा असा हिशेब आहे. इस्क देऊन प्लेक्स घेणारा आपण फुकट खेळतो असे अभिमानाने सांगतो खरा, पण किरकोळ बक्षिसे वगळली तर त्या प्रत्येक प्लेक्सची रोकड कोणीतरी आधीच संस्थेच्या तिजोरीत भरलेली असते, आणि तीही साध्या मासिक वर्गणीपेक्षा चढ्या दराने. शिवाय इस्कमधील भाव खेळाडूंच्या बाजारात ठरत असल्यामुळे, जी कमाई काल तीन खात्यांना पुरत होती ती उद्या दोनच खात्यांना पुरेल. त्या कमाईसाठी खर्ची पडलेल्या रात्री जमाखर्चात कोणी मांडीत नाही, हे मला या साऱ्या व्यवहारातील मोठेच कौतुक वाटते.

मे 2022 मध्ये मासिक वर्गणी 14.95 डॉलरवरून 19.99 डॉलरवर गेली, तेव्हा पाच खाती महिन्या-महिन्याने चालवणाऱ्याचा खर्च पाऊणशेवरून शंभर डॉलरच्या घरात पोहोचला. दीर्घ मुदतीची वर्गणी दरमहा स्वस्त पडते, परंतु बंद पडून राहणाऱ्या खात्याला स्वस्त दरही महागच.

वर्गणी थकली की सर्वस्व जप्त होते, ही भीतीही निराधार आहे. खाते अल्फा दर्जावर उतरते. मर्यादेपलीकडील कौशल्ये वापरता येत नाहीत, पण ती व जहाजे शाबूत राहतात, आणि पुन्हा वर्गणी भरताच उपयोगात येतात. म्हणून हंगामी कामाची खाती खुशाल निजू द्यावीत. फक्त संगणकावरून खेळ काढून टाकल्याने वर्गणीची आपोआप होणारी वसुली थांबत नाही. ती खात्याच्या व्यवस्थेत जाऊनच बंद करावी लागते.

राहता राहिला खाते विकून पैसे वसूल करण्याचा बेत. खाते विकण्यास किंवा मित्राच्या हवाली करण्यास नियमांची परवानगी नाही. पात्र मात्र अधिकृत हस्तांतरण शुल्क भरून दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करता येते, आणि त्याचा मोबदला घ्यावयाचा तो इस्कमध्येच.