संगणक आधी इशारा देतो
घरातला संगणक एकाएकी बंद पडला, असे आपण म्हणतो; पण बहुधा त्याने आधी इशारा दिलेला असतो. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल उतरला असे समजावे. तो घरीही बदलता येतो. काम चालू असताना बंद पडत असेल तर आधी पंख्यांतली धूळ काढावी. तरीही तसेच झाले तर पॉवर सप्लाय तपासून घ्यावा. तो घरी उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. हार्ड डिस्क टकटक करू लागली तर मात्र आमचे एकच सांगणे आहे: निकाहाचे फोटो, मुलांचे दाखले त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या. सेल बाजारात मिळतो. मरहूम अब्बांच्या आवाजाची फाईल मिळत नाही.