माशाला मिठाचे औषध

मीठ आपण रोज खातो. आमटीत कमी पडले तर जेवण अळणी लागते. जास्त पडले तर घास तोंडात घालवत नाही. हेच मीठ आजारी माशाचे औषध आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पण तिथेही मापाला फार महत्त्व आहे. कसे, ते ऐका.

लहानपणी वडिलांनी मला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. ते १९५१ साली सुरू झाले होते. तेव्हापासून मला माशांचे वेड. नोकरीतून मोकळा झालो आणि घरी काचेची पेटी आणली. नातीने चार सोनमासे निवडले.

एके दिवशी एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. जणू वर रवा भुरभुरला होता. मासा दगडाला अंग घासू लागला. शेजारी म्हणाले, "गुरुजी, मीठ टाका." मी त्या माशाला बरणीत काढले. पाणी होते दोन लिटर. त्यात मूठभर मीठ टाकले आणि झोपलो. सकाळी बघतो तर मासा उताणा तरंगतोय.

नात म्हणाली, "आजोबा, औषधानं मासा कसा मेला?"

मला उत्तर देता येईना. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकवले आणि स्वतः मात्र मापाशिवाय मीठ टाकले! मग मूठभर मीठ तोलले. ते ५० ग्रॅम भरले. म्हणजे लिटरला २५ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यातल्या जिवाला मी जवळजवळ समुद्रातच लोटले होते.

आता मीठ काम कसे करते ते पाहू. मनुका पाण्यात टाकली की फुगते ना? माशाचेही तसेच. त्याच्या रक्तात मीठ असते, बाहेरच्या पाण्यात ते फार थोडे. म्हणून कल्ल्यांतून पाणी सारखे आत शिरते. मासा ते लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. आजारी मासा या कामाने थकतो. पाण्यात थोडे मीठ असले की त्याचे श्रम वाचतात. पण मीठ फार झाले तर उलटेच होते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. तसे माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते.

आणि ते पांढरे ठिपके? ते कातडीखाली शिरलेले जंतू. वाढले की ते सुटून तळाशी पडतात. तिथे एकाचे शेकडो होतात आणि पोहत पोहत नवा मासा गाठतात. कातडीखाली असताना त्यांना मीठ बाधत नाही. पोहताना सापडले की ते मरतात. म्हणून एका माशाला नव्हे, साऱ्या पेटीला औषध द्यावे लागते. तेही बरेच दिवस.

आता माप. माझी पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद. पाणी २५ सेंटिमीटर उंच. तिघांचा गुणाकार केला, हजाराने भागले. पाणी झाले ४५ लिटर. लिटरला २ ग्रॅम धरले, तर मीठ लागेल ९० ग्रॅम. त्याचे ३० ग्रॅमचे तीन भाग करा. प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात पाण्यात विरघळवून घ्या. बारा-बारा तासांनी एकेक भाग हळूहळू ओता. खडे माशाच्या अंगावर टाकू नका. साधे खडे मीठ चालते. ठिपके गेल्यावरही आठ दिवस मीठ राहू द्या.

एक गोष्ट विसरू नका. पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. पाणी आटले तर नुसते पाणी घाला. १५ लिटर पाणी काढून नवे भरले, तर मात्र त्यात ३० ग्रॅम मीठ घाला. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरा.

मीठ म्हणजे सर्व रोगांवर उतारा नव्हे. पोट फुगून खवले उभे राहिले, तर मिठाने भागत नाही. पाणवनस्पती मिठाने कोमेजतात. काही माशांना, विशेषतः मिशाळ माशांना, मीठ कमी सोसते. आणि पुष्कळ आजार मुळात घाण पाण्याने व जास्त खाऊ घातल्याने होतात. म्हणून आधी पाणी बदला.

उरलेले तीन मासे बरे झाले. नातीने पेटीवर चिठ्ठी चिकटवली. पाणी किती, मीठ किती, तारीख कोणती, सारे तिने लिहिले. तुम्हीही असेच लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते. औषध माशाचे असो की माणसाचे, अंदाजाने देऊ नये. आधी वाचावे, मग मोजावे, मग द्यावे.

प्रश्न : एका पेटीत ३० लिटर पाणी आहे. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे किती मीठ लागेल? त्याचे तीन भाग कसे कराल?