सही कुणाची?

1993 हे साल लोहारा-उमरगा-औशाच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झालेला भूकंप. पण मनोरुग्णालयांचे जुने कायदे वाचायचा नाद लागल्यापासून माझ्या वहीत त्याच सालच्या आणखी दोन तारखा आहेत. 1 एप्रिलला 1987चा मानसिक आरोग्य कायदा एकदाचा अंमलात आला. तोवर देशाचा कारभार 1912च्या ‘लूनसी अ‍ॅक्ट’वर चालला होता. आणि 17 ऑगस्टला पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात डांबणं घटनाबाह्य आहे. तोवर डांबत होते, हे ओघानं आलंच.

तेरणेवरचं माकणीचं धरण त्या भूकंपानंतर वर्तमानपत्रांत आलं. धरणातल्या पाण्याच्या भारामुळेच जमीन हलली का, यावर भूशास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती. तो वाद मी इथे सोडून देतो. मला रस आहे तो त्यानंतर आलेल्या एका डॉक्टरांत. भूकंपानं माणसांच्या मनाचं काय झालं, याचा रीतसर अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं करवून घेतला आणि त्यात पुढाकार होता पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या मोहन आगाशे यांचा. होय, तेच. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना. नट म्हणून त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, या कामाबद्दल मात्र दोन ओळीही सहजी सापडत नाहीत. आपल्याकडे मानसोपचाराच्या इतिहासाला एरवीही फारसं गिऱ्हाईक नाही.

आज माकणीत कुणी मनानं कोसळलं तर वाट कशी असते? राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मंजूर खाटा अनुक्रमे 2540, 1850, 940 आणि 365. माकणीहून येरवडा तीनशेहून अधिक किलोमीटर. ‘येरवड्याला धाडा याला’ ही शिवी गावागावात असली तरी प्रत्यक्षात तिथवर फार थोडे पोचतात. बहुतेकांची गाडी लातूर नाहीतर सोलापूरला थांबते, मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात. मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, साध्या दवाखान्यात असा विभाग काढायची कल्पना जुनी आहे. कलकत्त्याला 1933 साली गिरींद्रशेखर बोस यांनी सुरुवात केली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात 1938 साली के. आर. मसानी यांनी.

आमच्या भागात अनेकांची पहिली ओळख मात्र मनोविकार विभागाशी होत नाही, आयसीयूशी होते. फवारणीचं औषध घेतलेला माणूस आणतात. पोट धुतात, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू होतात. त्या अ‍ॅट्रोपिननं बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते, आणि डोस चढला की माणूस बरळायला लागतो, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडू पाहतो. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक हादरतात: विषानं वाचला, पण डोक्यावर परिणाम झाला! तसं नसतं, औषध उतरलं की बरळणंही उतरतं. ही एवढीशी गोष्ट सिस्टरनं पहिल्या तासात सांगितली तर अर्धं घर सावरतं. मग हवालदार जबाब घ्यायला येतो. केस होईल या धास्तीनं ‘चुकून प्यायला’ असं सांगायची रीत अजून आहे. वास्तविक 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. ‘चुकून’ म्हटल्यानं एकच होतं: केसपेपरवर खरं कारण येत नाही आणि मनोविकारतज्ज्ञाला बोलावणं पाठवायचं राहून जातं.

मनोविकार विभागात गेल्यावर पहिल्यांदा झडती होते. पट्टा, ओढणी, पायजम्याची नाडी, ब्लेड, काचेची बाटली, मंगळसूत्र, मोबाइल. दागिने सही घेऊन नातेवाइकांच्या हवाली करतात. पोलिसी वाटावी अशीच ही झडती असते आणि तिचा राग येणं साहजिक आहे. मग प्रश्न: आज वार कोणता, हे कुठलं गाव, शंभरातून सात वजा करत जा. त्यानंतर बहुधा झोप. पहिले दोन-तीन दिवस आठवतच नाहीत असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते इंजेक्शनचं काम. जाग आल्यावर जबडा आखडलेला, हात थरथरणारे, पाय एका जागी ठरेनात. हा आजार वाढला असं वाटतं, पण बऱ्याचदा तो गोळ्यांचा परिणाम असतो. राउंडला डॉक्टरांना सांगितला तर त्यावर उतारा आहे. न सांगता सोसला, की माणूस घरी जाऊन सगळ्याच गोळ्या उकिरड्यावर टाकतो. औषधाचा खरा गुण यायला काही आठवडे लागतात. खाट त्याआधीच रिकामी करावी लागते.

शॉकबद्दल सिनेमांनी घालून दिलेली भीती निघता निघत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017च्या कायद्यानं बंदी आहे. बांधून, शुद्धीवर असताना शॉक देत नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये. देत होते, म्हणून तर बंदी घालावी लागली.

या कायद्याचं कलम 20 मी अनेकदा वाचलं आहे. वरवर ती हक्कांची यादी आहे. सक्तीनं मुंडन करायचं नाही. स्वतःचे कपडे घालायची इच्छा असेल तर गणवेश लादायचा नाही. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. कामाला जुंपायचं नाही, आणि काम केलंच तर मोबदला द्यायचा. कलम 95 मध्ये आणखी एक वाक्य: कुणालाही कोणत्याही प्रकारे साखळदंडानं बांधायचं नाही. ही यादी सरकारचा कबुलीजबाब म्हणूनच वाचावी. जे कधी घडलंच नाही त्याला मनाई करायला संसद बसत नसते. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नव्हतं.

पण या कायद्याचं खरं नाट्य घडलं पुण्यात, आणि दुर्दैवानं ते पुण्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. मसुद्याच्या कामात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या डॉ. सौमित्र पठारे आणि जया सागडे यांचा मोठा वाटा. त्याच शहरात बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर. ट्रस्टला नाव त्यांच्या आईचं. आईच्या निमित्तानं मनोरुग्णालयांचं आतलं जग दावर यांनी लहानपणीच पाहिलं होतं. भारतानं 2007 साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि वादाला तोंड फुटलं. दावर यांची भूमिका सरळ होती: करार म्हणतो की कायद्यापुढे प्रत्येकाच्या संमतीला सारखं वजन आहे, तर मग माझ्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं एकही दार कायद्यात का ठेवता? मसुद्याच्या बाजूचं म्हणणं असं, की दार राहणारच, तर त्याला कड्या लावू. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं. आधी जास्तीत जास्त 30 दिवस. अशा दाखल्यांवर नजर ठेवणाऱ्या आढावा मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्णाला दाद मागता आली पाहिजे.

मी बराच काळ दावर यांच्या बाजूनं होतो. आता अर्धाच आहे. रात्री दोन वाजता विहिरीकडे धावणाऱ्या माणसाला धरून ठेवणाऱ्यांना करारातलं कलम उपयोगी पडत नाही. पण कड्यांविषयीचा दावर यांचा संशय खोटा ठरला असं कुणी म्हणेल तर तेही मला मान्य नाही. 2018 साली कायदा लागू झाला, आणि ही मंडळं व राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण नीट चालावं म्हणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. मंडळच जागेवर नसेल तर तीन दिवसांत कळवायचं कुणाला? दावर 2024 साली गेल्या. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये घरापर्यंत जाऊन आधार देणारा त्यांचा ‘सेहेर’ हा प्रकल्प त्यांच्या युक्तिवादापेक्षा मला अधिक पटतो. माकणीसारख्या गावात तसं काही उभं राहिलं तर निम्म्या लोकांना लातूरची गाडी पकडावी लागणार नाही.

आता दाखल करायच्या कागदावरच्या सहीकडे येतो. 1912 मध्ये सही मॅजिस्ट्रेटची होती, नातेवाइकाच्या अर्जावर. 1987च्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले मिळाले की 90 दिवसांपर्यंत ठेवता येई. या तरतुदीचं सासरच्यांनी काय केलं असेल ते सांगायला संशोधक नको. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहेच. 2017 मध्ये पहिली सही खुद्द रुग्णाची. स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतःहून निघू शकतो. डॉक्टरांना फार तर 24 तास थांबवता येतं. त्याला स्वतः ठरवणं जमत नसेल तर सही त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीची.

प्रतिनिधी नेमायला वकील लागत नाही, स्टँप पेपर लागत नाही. कलम 14 म्हणतं: साध्या कागदावर लिहावं आणि खाली सही किंवा अंगठा. वाटेल तेव्हा बदलता येतं. नेमलाच नाही, तर हक्क आपोआप नातेवाइकाकडे जातो, आणि तो नातेवाईक ज्याच्याशी भांडण चालू आहे तोच असू शकतो. नवऱ्याऐवजी भावाचं, सासूऐवजी शेजारच्या बाईचं नाव लिहायला कायद्याची आडकाठी नाही. नेमलेला माणूस सज्ञान हवा, आणि त्यानं लेखी होकार द्यायला हवा.